आधी पंखा बंद करा : रास्टर-नोटोन ऐकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

‘व्रिऊन’ हा रास्टर-नोटोनचा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो मी फोनच्या स्पीकरवर. संध्याकाळची वेळ, खाली रस्त्यावर रिक्षांची गर्दी, डोक्यावर पंखा तीनवर. पियानोचे तुरळक सूर ऐकू आले, मध्ये मध्ये टिक्-टिक् झालं आणि मी समजलो की फाइल खराब डाउनलोड झाली आहे. दोनदा पुन्हा उतरवून घेतली. पुढे कितीतरी दिवसांनी लाइट गेलेली असताना हेडफोन लावून तोच अल्बम ऐकला, तेव्हा कळलं की पियानोच्या खाली एक अख्खा मजला आहे : इतका खोल खर्ज की तो कानांपेक्षा जबड्यात जास्त जाणवतो. त्या टिकटिकीला स्वतःची लय होती. फाइल पहिल्यापासून धडधाकट होती. मी ऐकत होतो ती जागा आणि ते यंत्र चुकीचं होतं.

जर्मनीतल्या केमनित्स शहरातून निघालेल्या रास्टर-नोटोन या छोट्या लेबलचं, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीचं, संगीत पहिल्यांदाच ऐकायला बसणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. या संगीतात गाणं जवळपास नसतं, राग नसतो, बऱ्याचदा वाद्यही नसतं. तरीही ते कोरडं नाही. थोडी तयारी आणि बरा क्रम, एवढं मिळालं तर त्याच्याशी मैत्री होते. माझा क्रम खाली देतो. तो एकमेव नाही, पण मी ज्यांना ज्यांना हे ऐकवलं त्यांतले बरेचजण याच वाटेने आत गेले.

पायरी १ : हे लोक कोण, एवढं आधी जाणून घ्या

केमनित्स म्हणजे पूर्व जर्मनीतलं गिरण्यांचं आणि यंत्रांचं शहर. १९५३ ते १९९० या काळात त्याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. मार्क्सचं सात मीटर उंचीचं प्रचंड डोकं तिथे आजही उभं आहे. त्या राजवटीत लोकप्रिय संगीताच्या तबकड्या काढायचा अधिकार व्यवहारात सरकारी कंपनीकडेच होता आणि जाहीर कार्यक्रम करायचा तर बँडला सरकारी परवाना लागायचा. तरी याच शहरात १९८६ मध्ये ‘आ गे गाइगे’ नावाचा एक विक्षिप्त, प्रयोगखोर बँड उभा राहिला. त्यात फ्रांक ब्रेटश्नायडर आणि ओलाफ बेंडर होते. अशा मंडळींचं संगीत घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटींवरून हातोहात फिरायचं.

बर्लिनची भिंत पडली, देश बदलला, शहराचं जुनं नाव परत आलं. १९९६ मध्ये या दोघांनी ‘रास्टरम्युझिक’ हे लेबल सुरू केलं. त्याच शहरात जन्मलेला कार्स्टन निकोलाय हा चित्रकार-शिल्पकार तेव्हा ‘नोटोन’ नावाचं स्वतःचं लेबल चालवत होता. निकोलायचं शिक्षण लँडस्केप आर्किटेक्चरचं. १९९९ मध्ये दोन्ही लेबलं एक झाली आणि रास्टर-नोटोन हे नाव पडलं. जोडीला एक उपनाव होतं, त्याचा अर्थ ‘ध्वनी आणि अ-ध्वनी यांचं संग्रहालय’. २०१७ मध्ये हे लेबल पुन्हा दोन झालं : बेंडरकडे रास्टर, निकोलायकडे नोटोन. जुने अल्बम शोधताना हे ठाऊक असलेलं बरं, कारण काही एका दुकानात सापडतात, काही दुसऱ्या.

नावातला ‘रास्टर’ म्हणजे जाळी, चौकटींची आखणी. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला की ठिपक्यांची जी जाळी दिसते, ती रास्टर. हे संगीतही त्या भिंगासारखं आहे. एरवी आवाज म्हणजे एक सलग चित्र वाटतं. इथे ठिपके दाखवले जातात.

मी या लेबलकडे घराण्यासारखं पाहतो. आग्रा घराण्याची एकच चीज ऐकून आपण ‘कळलं’ म्हणत नाही. चार गवई, चार मैफली ऐकल्यावर नोमतोमचा डौल आणि बोल फेकण्याची ढब ओळखू यायला लागते. इथेही तसंच. एखादा तुकडा ऐकून मत बनवू नका. चार-पाच अल्बम होईपर्यंत याच लेबलची संगत धरा. मधल्या काळात सुचवण्यांच्या मागे लागून तीस वेगळी लेबलं धुंडाळाल तर एकही हाती लागणार नाही.

पायरी २ : खोली तयार करा

ही पायरी बरेचजण गाळतात आणि मग ‘काही ऐकूच येत नाही’ म्हणतात.

पंखा बंद करा, निदान एकवर आणा. पंख्याच्या घरघरीत या संगीतातला अर्धा बारकावा बुडून जातो. फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर दार लोटा. उन्हाळ्यात हे जमत नसेल तर पहाटे साडेपाचला ऐका. पुण्यात मला तीच वेळ सर्वांत जास्त मानवली.

फोनचा स्पीकर वापरू नका. त्याचा पडदा इतका लहान असतो की खालचे आवाज तो पुरेशा जोराने हलवूच शकत नाही, आणि या संगीताचा पाया तर चाळीस-पन्नास हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांवर, रचलेला असतो. महागडे हेडफोन लागत नाहीत. कान पूर्ण झाकणारे, वायरचे, साधे हेडफोन चालतात. बेस वाढवणारी बटणं, ‘थ्री-डी साउंड’ वगैरे सगळं बंद करा. या मंडळींनी प्रत्येक आवाजाची जागा मोजून ठरवलेली असते, ती हलवू नका.

शक्य असेल तर फ्लॅक किंवा वेव्ह, म्हणजे आवाजात काटछाट न केलेली, फाइल घ्या. याचं कारण तांत्रिक आहे. कमी दर्जाची एमपी-३ फाइल बनवताना साधारण १६ हजार हर्ट्झच्या वरचे आवाज सरळ कापले जातात, आणि एखादा धारदार ‘टिक्’ यायचा असेल तर त्याच्या क्षणभर आधी एक धूसर सावली उमटते. गायनात हे लक्षात येत नाही. पण जिथे ‘टिक्’ हेच वाद्य आहे तिथे वाद्याची धारच जाते.

आणि एक इशारा, तो मनापासून पाळा. आवाज कमी ठेवून सुरुवात करा. काही ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत नेऊ नका. पुढच्याच क्षणी कानात घुसणारा तीव्र सूर येऊ शकतो. वय वाढतं तसं वरच्या टोकाचं ऐकणं कमी होत जातं, त्यामुळे तुम्हाला जिथे शांतता वाटते तिथे घरातल्या मुलाला लख्ख सूर ऐकू येत असेल. अशा वेळी मुलाचं ऐका.

पायरी ३ : पियानोच्या दारातून आत या

पहिले दोन आठवडे फक्त निकोलाय आणि र्युइची साकामोतो यांच्यासाठी ठेवा. निकोलाय संगीतासाठी ‘आल्वा नोटो’ हे नाव घेतो. साकामोतो म्हणजे चित्रपटसंगीतासाठी ऑस्कर मिळालेले जपानी संगीतकार. २०१५ चा ‘द रेव्हेनंट’ तुम्ही पाहिला असेल तर या दोघांचं काम तुमच्या कानांवरून गेलेलं आहे. बर्फातल्या त्या लांबलचक शांततेच्या आत जे हलतं त्यात निकोलायचाही हात आहे.

दोघांचा पहिला अल्बम ‘व्रिऊन’, साल २००२. साकामोतोंनी पियानोची ध्वनिमुद्रणं पाठवायची, निकोलायने त्यांचे बारीक तुकडे करून, फिरवून, खाली शुद्ध सूर आणि टिचक्या ठेवून नवी रचना करायची, अशी त्याची घडण. त्यातला ‘त्रिऊन-एक’ हा तुकडा आधी घ्या. तीन वेळा ऐका, पण प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी लक्ष ठेवून.

पहिल्यांदा फक्त पियानो. बघा, सूर घाई न करता येतात आणि त्यांना विरायला जागा मिळते. दुसऱ्यांदा फक्त टिचक्या. त्या ठेका धरतात का, किती वेळाने परत येतात, पियानो त्यांच्यावर पडतो की त्यांच्या मधल्या जागेत? तिसऱ्यांदा फक्त पियानोचा सूर विरतानाची शेवटची शेपटी. सूर संपत आला असं वाटतं आणि तिथेच एक इलेक्ट्रॉनिक सूर त्याला हातावर झेलतो. पियानो नक्की कुठे संपला हे बोट ठेवून सांगता येत नाही. मला या संगीतात सर्वांत सुंदर जर काही वाटत असेल तर हा सांधा. लाकूड आणि तारेतून निघालेला आवाज आणि यंत्रातून निघालेला आवाज एकमेकांना पुढे नेतात आणि हस्तांतर झाल्याचं कळू देत नाहीत. तंबोऱ्याच्या आसेवर गायकाचा सा ठेवला जातो तेव्हा जे होतं, त्याच्या फार जवळचं हे आहे.

मग २००५ चा ‘इन्सेन’. हा थोडा अधिक उबदार. ‘लॉजिक मून’ आणि ‘बर्लिन’ यांच्यापासून सुरुवात करा. ‘इन्सेन’ हे एका जपानी स्वरसप्तकाचंही नाव आहे. सात कुठले, पाचच सूर : सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल नी. म्हणजे आपल्या बैराग्याचेच सूर. अल्बममध्ये बैरागी शोधायला जाऊ नका, तसा तो बांधलेला नाही. पण हा अल्बम पहाटे का लागतो, असा विचार माझ्या मनात या नावापाशी नेहमी येतो.

याच मालिकेत पुढे ‘रेवेप’ (२००६), ‘युटीपी’ (२००८) आणि ‘समव्स’ (२०११) आले. पाचही नावांची रोमन आद्याक्षरं जोडली की ‘व्हायरस’ शब्द होतो. ‘युटीपी’ मानहाइम शहराच्या चारशेव्या वाढदिवसासाठी एका वाद्यवृंदाबरोबर केलेला आहे. त्या शहराच्या मध्यभागाची रचनाच चौकटींच्या जाळीची, तिथे रस्त्यांऐवजी चौकोनांना अक्षर आणि आकडा असतो. जाळीचं वेड असलेल्या लेबलकडे हे काम यावं याचं मला नवल वाटत नाही. पण तो पहिल्या महिन्यात ऐकू नका, जड आहे. ‘समव्स’ मात्र लगेच घेता येईल. त्यात ब्रायन इनोच्या एका जुन्या गाण्याची दोन रूपं आहेत.

मार्च २०२३ मध्ये साकामोतो गेले. त्यानंतर हे पाचही अल्बम मी ओळीने ऐकले. एरवी मी तसं करायला सांगत नाही.

पायरी ४ : एक सूर, दोन सूर

आता पियानो बाजूला. या लेबलचा मूळ धागा म्हणजे साइन वेव्ह : ज्यात एकच कंपन आहे, एकही उपस्वर नाही, असा अगदी नागडा सूर. निसर्गात तो जवळपास भेटत नाही. तंबोऱ्याची एक तार छेडली तरी तिच्यातून कितीतरी सूर एकदम उमटतात. साइन वेव्हमध्ये फक्त एक.

नुसता एक सूर काय ऐकायचा? दोन ऐका. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. ‘जनरेट’मधून ‘टोन’ निवडा, ४४० हर्ट्झचा साइन सूर तीस सेकंद तयार करा. दुसऱ्या ट्रॅकवर ४४३ चा करा. दोन्हींची पातळी निम्म्यावर आणा आणि एकत्र वाजवा. एक सूर सेकंदाला तीन वेळा फुगताना आणि ओसरताना ऐकू येईल. ४४३ च्या जागी ४४१ ठेवला तर सेकंदाला एकदाच.

ज्यांनी तंबोरा लावला आहे त्यांना हे नवीन नाही. जोडीच्या तारा मिळवताना जी लाट हळूहळू संथ होत जाते आणि सूर जुळला की थांबते, तीच ही लाट. फरक इतकाच की तंबोरा लावणारा ती घालवतो आणि निकोलाय आणि या लेबलवरचा र्योजी इकेदा (तो पायरी ७ मध्ये भेटेल) ही मंडळी ती ठेवतात, मोजतात, तिच्यावर अख्खी रचना उभी करतात. ज्या घरात कुणी गाणं शिकत असेल, त्या घरातल्यांचे कान यासाठी आधीच अर्धे तयार असतात. गाणं शिकणाऱ्या लोकांनी हे संगीत ऐकावं असं मला मनापासून वाटतं ते यासाठी.

रस्त्यावरच्या डीपीजवळ रात्री उभे राहून पाहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून त्याची गुणगुण १०० हर्ट्झवर असते. हा सूर आपण लहानपणापासून ऐकतो आहोत आणि त्याला कधी सूर म्हटलं नाही.

पायरी ५ : नावांचा घोळ सोडवा

या लेबलवर एकच माणूस तीन नावांनी भेटतो. निकोलाय म्हणजे नोटो आणि आल्वा नोटो. बेंडर म्हणजे बायटोन. ब्रेटश्नायडर कधी स्वतःच्या नावाने, कधी कोमेट. हे तिघे एकत्र आले की सिग्नल. निकोलाय आणि र्योजी इकेदा एकत्र आले की सायक्लो. एवढं एका कागदावर लिहून ठेवा, महिनाभर पुरेल.

पायरी ६ : ठेका धरा

‘प्रायोगिक’ हा शब्द ऐकून लोक समजतात की पाय हलवायला बंदी आहे. इथे उलट आहे. बायटोनचा २००८ चा अल्बम, ज्याच्या नावाचा अर्थ ‘एका अक्षरजुळाऱ्याचा मृत्यू’, त्यातला ‘प्लास्टिक स्टार’ लावा. एकच आकृती फिरत राहते, दर काही आवर्तनांनी तिच्यावर एखादा थर चढतो किंवा उतरतो. ड्रमचा एकही खरा आवाज नसताना मान आपोआप डुलायला लागते.

मग सिग्नलचा ‘रोबोट्रॉन’ (२००७). हे नाव पूर्व जर्मनीत संगणक बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं. जो देश नकाशावरून गेला त्याच्या यंत्रांची आठवण तिघांनी आवाजात ठेवली आहे. हा माझा अतिशय आवडता अल्बम. त्यात खंत आहे, पण ती कुठेही बोलून दाखवलेली नाही. ब्रेटश्नायडरचा ‘ऱ्हिदम’ (२००७) नावाप्रमाणे लयीचाच अभ्यास आहे. तबला शिकणाऱ्यांना देऊन पाहा, ते मात्रा मोजायला बसतात आणि मग उठत नाहीत. आणि नाचाच्या अगदी जवळ जायचं असेल तर कांगडिंग रे, हा फ्रेंच वास्तुविशारद. त्याचा २०१४ चा ‘सोलेन्स आर्क’ रात्रीच्या महामार्गावर गाडीतही ऐकता येतो. या यादीत गाडीत ऐकता येईल असा बहुधा हा एकच.

पायरी ७ : कठीण भाग, तो टाळू नका

र्योजी इकेदा जपानी आहे आणि आकड्यांचं संगीत करतो. ‘डेटाप्लेक्स’ (२००५), ‘टेस्ट पॅटर्न’ (२००८), ‘सुपरकोडेक्स’ (२०१३) हे त्याचे तीन अल्बम मिळून एक मोठं काम आहे. कच्ची संगणकीय माहिती आवाजात उतरवायची आणि तिला अतिशय शिस्तबद्ध मांडायचं, असं ते काम. ‘डेटाप्लेक्स’च्या शेवटच्या तुकड्याबद्दल तर अल्बमवरच सूचना आहे की काही सीडी प्लेअर हा वाचताना अडखळतील, पण यंत्राला इजा होणार नाही.

इकेदा पहिल्या बैठकीत आवडणार नाही. मला नाही आवडला. ‘हे संगीत कसलं, फॅक्सचा आवाज आहे’ असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं होतं. एका वेळी दहा मिनिटं, आवाज अगदी कमी, आणि डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवत ऐका. हे हेडफोनवर जमत नाही, खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर ऐका. डोकं हललं की सूर बदलतो, एका जागी मोठा, बोटभर सरकलात की नाहीसा. आवाजाच्या लाटा खोलीच्या भिंतींवरून परतून एकमेकींना वाढवतात किंवा खोडतात, त्याचा हा परिणाम. म्हणजे तुमच्या घरात वाजणारा इकेदा शेजारच्या घरातल्यासारखा नसतो. हे कळलं तेव्हा मी खोलीभर फिरत तो अल्बम ऐकला आणि वहीतलं ते वाक्य खोडलं.

पायरी ८ : झेरॉक्सची झेरॉक्स

आपल्याकडे हा वाक्प्रचार सगळ्यांना कळतो. कॉलेजच्या नोट्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, करत करत अक्षरं फुटतात, कडेला काळे डाग येतात, आणि शेवटी मूळ कागदापेक्षा वेगळंच काहीतरी हातात उरतं. निकोलायची ‘झेरॉक्स’ ही मालिका (मूळ नावात एक ‘र’ जास्त आहे) याच कल्पनेवर चालते. सहज कानावर पडणाऱ्या संगीताचे तुकडे, विमानातल्या किंवा फोन होल्डवर ठेवल्यावर वाजणाऱ्या संगीतासारखे, घ्यायचे आणि नक्कल करत करत इतके झिजवायचे की मूळ ओळखू येऊ नये. उरतो तो खरखरीच्या आड दडलेला, भरून आलेल्या आभाळासारखा आवाज.

पहिला भाग २००७ चा, दुसरा २००९, तिसरा २०१५, चौथा २०२०. तिसऱ्यापासून सुरुवात करा. तो सगळ्यांत हळवा आहे, आणि ‘हे लोक थंड आहेत’ असं म्हणणाऱ्याला मी कायम तोच पाठवतो. पहिला भाग खरबरीत आहे, त्याला सर्वांत शेवटी या.

पायरी ९ : वेष्टन वाचा

या लेबलवर मुखपृष्ठावर कलाकाराचा फोटो जवळपास कधी दिसत नाही. पांढरा किंवा करडा कागद, बारीक अक्षरं आणि क्रमांक : ‘व्रिऊन’चा ५०, ‘इन्सेन’चा ६५, ‘डेटाप्लेक्स’चा ६८. संग्रहालयातल्या वस्तूला असावा तसा. बेंडर आणि निकोलाय दोघेही मांडणी आणि आखणीतले जाणकार, निकोलाय तर १९९७ च्या डॉक्युमेंटा या जर्मनीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात आणि नंतर व्हेनिसच्या द्वैवार्षिकातही होता. त्यामुळे वेष्टन हा इथे रचनेचाच भाग.

सर्वांत देखणं उदाहरण १९९९ सालचं. त्या वर्षी दर महिन्याला एक, अशा बारा सीडी लेबलने काढल्या. प्रत्येकीत एका कलाकाराचं वीस मिनिटांचं काम आणि विषय एकच, संपत चाललेलं शतक. नाव ‘ट्वेंटी मिनिट्स टू टू थाउजंड’. इकेदा, स्कॅनर, थॉमस ब्रिंकमान, वोल्फगांग फोइग्ट, मिका वैनियो असे नामवंत त्यात होते. पारदर्शक वेष्टनांना छोटे लोहचुंबक होते, बारा सीडी एकमेकींना चिकटून एक दंडगोल व्हायचा. २००० मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ इथल्या आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवात या मालिकेला डिजिटल संगीतासाठीचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन निका, मिळाला. पूर्व जर्मनीतल्या एका गिरणगावातल्या तीन माणसांचं हे काम.

त्याच सुमारास नोटोची ‘टेलेफुंकेन’ ही सीडी निघाली. तिचा आवाज स्पीकरऐवजी टीव्हीत चित्र जिथून जातं त्या व्हिडिओच्या भोकात जोडायचा. पडद्यावर आडव्या पट्ट्या नाचतात. घरात अजून जुना, पेटीसारखा टीव्ही असेल तर भंगारवाल्याला देऊ नका.

पायरी १० : विकत घ्या, पण थोडं

स्ट्रीमिंगवर यातलं बरंच मिळतं आणि पहिल्या फेरीला ते पुरेसं आहे. पण असली लेबलं शे-पाचशे, हजार प्रतींवर जगतात. जे दोनदा ऐकलंत ते विकत घ्या. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले साधारण ८५ टक्के लेबल आणि कलाकाराच्या वाट्याला जातात, त्यातून पैसे देण्याघेण्याचा खर्च तेवढा वजा होतो, आणि फ्लॅक फाइलही मिळते.

तबकडी किंवा सीडी मागवताना टपालखर्च आणि भारतातली सीमाशुल्काची रक्कम आधीच धरून चाला. माझं एक पार्सल वाटेत तीन आठवडे अडकलं आणि तबकडीच्या किमतीच्या जवळपास तेवढाच वरखर्च आला. तेव्हापासून आम्ही चौघे मित्र मिळून एकदाच मागवतो. डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या ऑनलाइन बाजारात जुनी प्रत घेताना तबकडीची आणि वेष्टनाची अवस्था वेगवेगळी दिलेली असते, दोन्ही वाचा. लताबाईंच्या गाण्यात एखादा ओरखडा चालून जातो. इथे शांततेत पडलेला ओरखडा आणि निकोलायची टिचकी यांत फरक करता येत नाही, म्हणून या संगीतासाठी मी सीडी किंवा फाइलच घेतो आणि तबकडी फार क्वचित.

पायरी ११ : स्वतः करून पाहा

ऐकणं खरं पक्कं होतं ते इथे, म्हणून या पायरीला एक अख्खी दुपार द्या.

संगणकावर पेंट उघडा. १४८ पिक्सेल रुंद आणि २००० पिक्सेल उंच असं चित्र घ्या. त्यावर वरून खालपर्यंत सरळ उभ्या काळ्या पट्ट्या काढा आणि २४-बिट बीएमपी म्हणून जतन करा. आता ऑडॅसिटीत ‘फाइल’, ‘इम्पोर्ट’, ‘रॉ डेटा’ असं जा आणि तीच फाइल उघडा. ‘अनसाइन्ड ८-बिट’, एक चॅनेल, ४४१०० असं निवडा. वाजवण्याआधी आवाज अगदी खाली आणा, हे विसरू नका.

सुमारे वीस सेकंद एक स्थिर सूर ऐकू येईल. कारण सोपं आहे : चित्राच्या प्रत्येक ओळीत १४८ ठिपके, प्रत्येकाचे तीन आकडे, म्हणजे ४४४ आकडे. ओळी सगळ्या सारख्या, त्यामुळे तेच ४४४ आकडे पुन्हा पुन्हा येतात. सेकंदाला ४४१०० आकडे वाजतात, तेव्हा ही पुनरावृत्ती सेकंदाला ९९ वेळा होते. एकच जाड पट्टी काढली असेल तर सूर जवळपास डीपीच्या गुणगुणीवर येतो. पट्ट्या बारीक आणि समान अंतरावर केल्या की सूर वर चढतो.

आता चित्र बदलत जा. तिरकी रेघ ओढा, सूर किंचित सरकतो. नुसतं पांढरं चित्र घ्या, शांतता मिळते, सुरुवातीला फाइलच्या मथळ्याची एक टिचकी तेवढी. मध्येच हाताने ‘आई’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि ते ऐका. बीएमपी फाइल चित्र खालून वर साठवते, त्यामुळे अक्षराचा पाय आधी ऐकू येतो आणि शिरोरेघ शेवटाकडे. शिरोरेघ आली की आवाज एकदम बदलतो. मी हे केलं तेव्हा ती रेघ कानाला ओळखता आली आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

तेच चित्र जेपीजी म्हणून जतन करून पुन्हा उघडलं तर तो लांब स्थिर सूर गायब, अगदी थोडा वेळ खरखर. फाइल लहान करण्यासाठी जेपीजी आकडे आवळून वेगळ्याच रीतीने मांडतो, चित्रातली ओळीमागून ओळ तशीच उरत नाही, म्हणून तो सूरही उरत नाही.

हे झालं की आल्वा नोटोचा २००८ चा ‘युनिटेक्स्ट’ काढा. आधी ऐकला असेल तरी पुन्हा. त्यात फ्रेंच कवी आन-जेम्स शातों पाकिटातल्या कार्डांवरचा आणि पावत्यांवरचा मजकूर सपाट आवाजात वाचतो आणि तो ठेक्यावर बसत जातो. आणि अल्बमच्या शेवटी लहान लहान तुकड्यांची एक रांग आहे : संगणकातल्या वेगवेगळ्या फाइली, कसलाही साज न चढवता, सरळ आवाजात उतरवलेल्या. पंखा बंद करा, आवाज कमी ठेवा, आणि कुठल्या फाइलीत ओळी सारख्या आहेत ते कानाने शोधा.